विस्तवाचा नवस

मोहर्ली
१९ नोव्हेंबर २०२४

रुखमाबाई,
पाया पडते.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, असं म्हणशीन. फोनवर बोलाव तं कुठी? रिसॉर्टच्या स्टाफच्या एका खोलीत आम्ही चौघी आहो. बाहेर वॉचमन बसला राह्यते, अन् त्याच्या पुढं जाव तं वाघाचं भेव. तुह्या इकडं बी फोन पोट्ट्याच्या हातात, तो स्पीकरवर टाकून अंगणभर फिरते. म्हणून लिहून राह्यली. वाच अन् चुलीत टाक.

हाताचं सांगायचं आहे. मागच्या वर्षी तू मोठी बहीण म्हणून तुह्या घरी पाकिटं लपवली, दर महिन्याले एक नेऊन मी वर्षभर गोळ्या खाल्ल्या, तो कुष्ठरोग गेला. हा शब्द लिहितानी बी मी दाराकडं पाहिलं. डॉक्टर म्हणला होता, आता दहा जणीत बसून जेव, तुह्यापासून कोणाले काही होत नाई. पण उजव्या हाताची करंगळी, तिच्या बाजूचं बोट अन् मनगटापर्यंतची कड सुन्न झाली ते झालीच. विस्तवापासून हात जप, असं त्यानं तेव्हाच सांगतलं होतं.

अन् इथी माहं काम काय, तं लंबी रोटी. कॅटररच्या मागं लग्नात शिकली होती ते कामात आलं. संध्याकाळी पाहुणे सफारीवरून आले की त्यांच्यासमोर चूल, चुलीवर उलटा मटका. सैल कणीक दोन्ही हातावर कोपरापर्यंत ताणायची अन् मटक्यावर टाकायची. दुसऱ्या बाया चिमटा घेतात, मी हातानंच उचलते. पाहुणे टाळ्या वाजवतात. आमचे मॅनेजर भूपेश सर नागपूरचे आहेत, त्यांनी माहा व्हिडिओ टाकला अन् खाली लिहिलं, 'आगीशी खेळणारी दिव्यानी'. हात चांगला म्हणून नाई बाई, हाताले कळत नाई म्हणून टाळ्या. मले आधी गंमत वाटे, आता नाई वाटत.

परवा चंदानं माहा हात धरला अन् म्हणली, हे काय आहे वो. मनगटाखाली फोड फुटून पाणी गळत होतं. मले पत्ता नाई. तेल उडालं असन, असं मी म्हणली. ही चंदा माह्याच खोलीत राह्यते अन् वरोऱ्याकडची आहे, माह्या सासूच्या गावाशेजारची. नवरा म्हणून देवानंदले सगळं माहीत आहे, सासूले काही माहीत नाई, हे तुले सांगाले नको.

मले फक्त विस्तवापासून दूरचं काम पाह्यजे. चादरी देतील, खोल्या देतील, बगीचा देतील, काही बी चालन. सरांले म्हणलं, ड्युटी बदला. ते म्हणाले, "क्यूं, क्या प्रॉब्लेम है? मेडिकल असन तं पेपर दे." आता पेपराचं पाह्य. चंदानं कमरेचा पेपर दिला होता, त्याच दिवशी सगळ्या स्टाफच्या ग्रुपवर आलं, 'चंदा को स्लिप डिस्क है, भारी सामान मत देना.' सरांनं भल्यासाठीच टाकलं. तेव्हापासून रोशन ड्रायव्हर तिले 'डिस्क' म्हणूनच हाक मारते. माह्या नावापुढं काय लिहीन तो माणूस, सांग. बोट गेले तं काम गेलं, अन् सांगतलं तं बी काम गेलं. थकली मी. काय करू ते लिही.

तुही
दिव्यानी


चामोर्शी
२ डिसेंबर

दिव्यानी,
आशीर्वाद. पत्र भेटलं. वाचलं अन् जाळलं. मले लिहायची सवय नाई, अक्षर लावून घे.

कोणाले सांगू नको. मॅनेजरले नको, चंदाले नको, भिंतीले बी नको. तू लहान होती, तुले झिंगू आठवत नसन. तिच्या पाठीवर चट्टा निघाला. सरकारी बाई आली, भली बाई, पण दारात उभी राहून मोठ्यानं सांगून गेली. झिंगू अन् मी बाजारात बाजूबाजूले मासोळ्या घेऊन बसो. तिच्या टोपलीत तळ्याची ताजी रोहू राहे, अन् लोक माह्याकडचे सुके बोंबील घेत. तिच्याकडं पाहत नसत. दवाई खाऊन चांगली झाली, तरी तेच. शेवटी ते तेलंगणात मिरच्या तोडाले गेली अन् तिकडलीच झाली.

खोटं काऊन बोलू, मले माहं बी भेव आहे. तुह्या गोळ्या माह्या घरात होत्या. मी मासोळी विकतो, हातानं साफ करून देतो. लोकांले कळलं तं माह्या टोपलीचं काय होईन ते तूच समज.

आता युक्ती सांगतो. नवस बोलली म्हण. मार्कंड्याच्या देवाले बोलली, महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत विस्तवाजवळ बसणार नाई, चुलीले हात लावणार नाई. बीमारी म्हणलं की लोक कागद मागतात. नवसाचा कागद कोणी मागत नाई. मॅनेजर झाला तरी देवाच्या मधात पडन का?

फोडावर हळद लाव. देवानंदले सांग आठवड्यातून एकदा येऊन जा म्हणा.

तुही बाई
रुखमा


मोहर्ली
२४ डिसेंबर

रुखमाबाई,
पाया पडते.

तुही युक्ती लागली. सरांसमोर मी नुसतं 'नवस' म्हणलं, तं त्यांनी खुर्ची मागं सारली. "अरे, पहले बोलना था ना," म्हणाले. ना पेपर, ना कारण. दुसऱ्या दिवसापासून मी चादरीच्या खोलीत. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, खोल्यांमध्ये पोचवायच्या. मटक्यावर आता वर्धेकडून आणलेली बाई आहे, ते चिमट्यानं उचलते. चंदा कमरेनं वाकून गेली, पेपर बी दिला, तरी तिले अजून बादल्या उचलाव्या लागतात, अन् मले देवाच्या नावानं एका वाक्यात सुट्टी. हे बरोबर नाई, पण मी काय करू.

पण बाई, नवस एकटीचा राह्यत नाई हे तू मले सांगतलं नाई. शालिकराम भाऊ आमचे मुख्य आचारी, साठीला आलेले, लय देवभोळे. त्यांनी साऱ्या किचनले सांगून ठेवलं, दिव्यानीचा नवस मोडू द्यायचा नाई. थंडी अशी पडून राह्यली की दात वाजतात. सगळा स्टाफ शेकोटीजवळ बसते अन् मी पाण्याच्या टाकीजवळ उभी. जरा जवळ गेली की कोणी ना कोणी म्हणते, "दिव्यानी, विस्तव." अगरबत्ती लावू देत नाईत. चहा बी भाऊ थंडा करून देतात, म्हणतात, उगीच काऊन देवाची परीक्षा घ्याची.

अन् सगळ्यांले एकच पाह्यजे, नवस कायचा. मी गप्प राह्यली तं त्यांनी त्यांच्या मनानं ठरवून घेतलं, लेकरासाठी. लग्नाले चार वर्षं झाले अन् कूस रिकामी, मंग दुसरं काय मागणार. भूपेश सरांच्या बायकोनं नागपूरवरून फोन करून एका डॉक्टरीणबाईचं नाव सांगतलं. रोशन म्हणते, पोरगं झालं तं नाव वाघाचं ठेव. कोणी वाईट बोलत नाई, त्याचाच जास्त तरास होते. हात लपवता लपवता मी पोट उघडं टाकलं. खरं सांगू, लेकरू मी देवाले कधी मागतलंच नाई. मागाचं भेवच वाटलं. अन् आता अख्खं रिसॉर्ट माह्या नावानं मागून राह्यलं. एक दिवस चादरीच्या खोलीत बसून मी लय रडली.

हात सुकला. हात रोज पाहते, सकाळी अन् झोपायच्या आधी, डॉक्टरानं सांगतलं तसा.

तुही
दिव्यानी


चामोर्शी
१२ जानेवारी

दिव्यानी,
आशीर्वाद. तुहं पत्र वाचून मले हसू बी आलं अन् जीव बी जळला. लेकराचं म्हणतात तं म्हणू दे. लेकराचं बोलल्यानं कोणी कामावरून काढत नाई. हाताचं झाकलं गेलं हे मोठं समज.

हात सुकला हे बरं झालं. आता रोज मोहाच्या तेलानं चोळ अन् गरम वाळूत दाबून धर, हळूहळू कळाले लागन. आपल्या काकाचा पाय सुन्न झाला होता तो वाळूनंच सुटला. जत्रेपर्यंत तुहा हात पहिल्यासारखा होईन, मंग बस मटक्यावर. नाईच झाला तं दुसरा नवस बोल. नवसाले काय तोटा आहे.

इथी तळं मच्छीमार सोसायटीनं बाहेरच्याले ठेक्यानं दिलं. आता मासोळी विकत घेऊन विकाव लागते. पाठ दुखते. जत्रेले येशीन तं भेट होईन.

रुखमा


मोहर्ली
९ फेब्रुवारी २०२५

रुखमाबाई,
पाया पडते.

वाळूत हात दाबायचा नाई बाई, गरम वाळूत तं नाईच. भाजन अन् मले कळणार नाई. काकाच्या पायाची नस दबली होती, ते वेगळं. माहा हात आता असाच राह्यन. हे तुले नीट सांगायची माही हिंमत होत नव्हती, तू वाट पाहून राह्यली म्हणून.

आता नवी भानगड. शालिकराम भाऊनं ठरवलं, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सुटल्यावर, किचनचे सगळे लोक रिसॉर्टच्या गाडीनं मार्कंड्याले जाणार. नदीच्या वाळूत पंगत देणार. अन् नवस फेडायचा म्हणून पहिली लंबी रोटी माह्या हातची, मटका इथूनच नेणार. भाऊ स्वतःच्या खर्चानं गहू दळून आणून राह्यले. भूपेश सर म्हणाले, मस्त, व्हिडिओ घेऊ, अन् एक मार्चपासून दिव्यानी परत काउंटरवर, उन्हाळ्यात वाघ पाहाले गर्दी राह्यते. काय म्हणू?

मंगळवारी सुट्टी होती तं चंद्रपूरले गोळ्या देणाऱ्या त्याच डॉक्टरकडं गेली. त्यानं हात पाहिला. म्हणला, अजून दोन-चार वेळा भाजला तं बोट वाकतील, जखम हाडापर्यंत जाईन, मंग मी काही करू शकणार नाई. मी सगळं सांगतलं, नवसाचं बी. तो हसला नाई. म्हणला, "तुह्या मॅनेजरले बीमारीचं नाव कळून काय करायचं आहे? तुह्या हातानं काय होते अन् काय होत नाई, तेवढं त्याले कळलं म्हणजे झालं. तेवढंच मी लिहून देतो." मी म्हणली, तुमची खोली त्याच बीमारीची, शिक्का पाहूनच लोक समजतील. तं म्हणला, बाहेरच्या साध्या ओपीडीतून देतो. दिला. माह्या पेटीत आहे.

जत्रेच्या आधी सरांले सांगून टाकावं असं वाटते. बीमारीचं नाव घेणार नाई. पण नाव नाई घेतलं तरी लोक खोदतात, अन् एक धागा निघाला तं तुह्या टोपलीपर्यंत जाईन. म्हणून तुले विचारते. तू हो म्हण, म्हणजे मी बोलते.

तुही
दिव्यानी


चामोर्शी
१७ फेब्रुवारी

दिव्यानी,
नको बोलू. इतके दिवस झाकलं अन् आता काऊन उघडं करते. जत्रा माह्या दाराशी आहे, मी येतो तिथी. मी पाहून घेतो. तू फक्त ये अन् गप्प राह्य.

रुखमा


मोहर्ली
४ मार्च

रुखमाबाई,
जत्रेत तू होती, मी होती, तरी विचाराव लागून राह्यलं, कारण तिथी बोलाले जागाच नव्हती.

मले जे दिसलं ते सांगते. चूल पेटली होती, मटका तापून लाल झाला होता. रोशन मोबाईल धरून उभा. मी परातीजवळ बसली अन् कणकेत हात घातला. तेवढ्यात तू शालिकराम भाऊले गाडीमागं घेऊन गेली. भाऊ परत आले ते डोळे पुसत. माह्याकडं नीट पाहिलं बी नाई. मोबाईल बंद कर, असं रोशनले म्हणाले, अन् मले म्हणाले, "ऊठ पोरी, तू सावलीत बस. नवस फिटला तुहा." मंग स्वतःच बसले रोट्या कराले. त्यांले जमत नाई, निम्म्या फाटल्या, पण कोणाले हात लावू दिला नाई. तू तं पंगत उठायच्या आधी निघून गेली.

इथी आल्यावर पाहते तं सगळं बदललेलं. सरांनं न मागता मले चादरीच्या खोलीतच ठेवलं. खोलीतल्या पोरी माह्या अंथरुणापासून दूर सरकून झोपतात. किचनात माहा गिलास वेगळा ठेवला आहे, वरच्या फळीवर, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाई म्हणून भाऊनं सांगून ठेवलं. मी आली की सगळे हळू बोलतात. चंदा माह्या हातातल्या चादरी ओढून घेते, म्हणते, राहू दे, मी करते.

तू सांगून टाकलं ना बाई? मले नको म्हणली अन् स्वतःच सांगतलं. रागावून नाई विचारत. राग यायची ताकद बी नाई उरली. एका परीनं बरंच झालं म्हणू का? झाकायचं तरी संपलं. पण ते तोंडावर काहीच म्हणत नाईत, उलटे गोड बोलतात, अन् मी त्या गिलासाकडं पाहत राह्यते. नेमकं काय सांगतलं ते लिही. शब्द न् शब्द लिही.

दिव्यानी


चामोर्शी
१३ मार्च

दिव्यानी,
मी बीमारीचं काहीच नाई बोलली. तुह्या गळ्याची आण.

त्या बुढ्याले मी काही बी सांगतलं असतं तरी तो मानणार नव्हता. नवस फेडलाच पाह्यजे, देवाचं राह्यलं तं पोरीले लागन, हेच घेऊन बसला होता. तू कणकेत हात घातला अन् मले काही सुचलं नाई. मी म्हणली, भाऊ, नवस पावला. तिले दिवस गेले आहेत. दुसराच महिना आहे, कोणाले सांगायचं नाई, आगीजवळ बसवू नका. तो बुढा माह्यासमोर रडला पोरी. देवाले हात जोडले. म्हणला, मी तिले बोट लावू देणार नाई कशाले.

त्याच्या पोटात राह्यलं नसन, म्हणून तुहा गिलास वेगळा. त्यात तुले दूध देत असतील. पोरी दूर झोपतात त्या तुले लाथ लागू नये म्हणून. चंदा चादरी ओढते ते बी म्हणूनच. तू उलटं समजून राह्यली.

मले वाटलं, दोन महिन्यानं पडलं म्हणून सांगू. असं होते बायांले, कोणी विचारत नाई. तोपर्यंत दुसरी बाई मटक्यावर पक्की होईन. हे ऐकून तुले काय वाटन, ते मले त्या वेळी सुचलंच नाई. घरी आल्यावर सुचलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाई. तू चार वर्षापासून कशी झुरते ते मले माहीत आहे, अन् मीच तुह्या पोटावरून खोटं बोलली.

आता काय कराव ते तूच सांग. माहं डोकं चालणं बंद झालं.

तुही बाई
रुखमा


मोहर्ली
६ एप्रिल

रुखमाबाई,
पाया पडते.

तुहं पत्र वाचलं अन् मी किचनात जाऊन तो गिलास खाली घेतला. तळाशी सुकलेली साय होती. भाऊ रोज भरून ठेवत अन् मी रोज न पाहता तसाच सोडून जाये. मी लाजली बाई, तुह्यावर चिडली अन् भाऊवर बी उगीचच चिडली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेली. आधी म्हणली, सर, पोटात काही नाई. दिवस गेल्याचं खोटं होतं. त्यांनी डोक्याले हात लावला. "दिव्यानी, पहले नवस, फिर बच्चा. अब क्या?" मी डॉक्टरचा कागद समोर ठेवला. त्यांनी पुढून वाचला, उलटून मागून पाहिला, नाव कुठी लपलं आहे का म्हणून.

"बीमारी कौनसी है?"
"ते नाई सांगत सर."
"फिर मैं ऊपर क्या बताऊं?"
"सांगा, हिच्या उजव्या हाताले गरम कळत नाई. विस्तव अन् सुरी सोडून सगळं काम करते."
"फैलनेवाला तो नहीं ना?"
"नाई. तसं त्यानं लिहिलं आहे. वाचा."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मले वाटलं आता काढतात. त्यांले व्हिडिओ आठवला असन, कारण एकदम म्हणाले, "म्हणजे ते चटका लागत नाई, ते..." अन् कागद घडी करून ठेवला. पोराबाळाचा माणूस आहे, कसाई नाई. मी म्हणली, सर, ग्रुपवर ड्युटी टाका, कारण नका टाकू. त्यांनी मोबाईल हातात घेतला. मंग टाकलं, 'दिव्यानी, लिनन रूम, परमनंट.' रोशननं खाली प्रश्नचिन्ह टाकलं. सरांनी उत्तर दिलं नाई. इतकंसं होतं बाई. इतक्यासाठी आपण देवाले मधात घेतलं.

शालिकराम भाऊले सांगणं जड गेलं. मी म्हणली, भाऊ, लेकरू नव्हतंच, अन् नवस बी नव्हता. त्यांले वाटलं पडलं, म्हणून मी लपवून राह्यली. लय वेळ समजवाव लागलं. खरं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी देवासमोर नाक घासून आलो पोरी." तेव्हापासून माह्याशी बोलत नाईत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाई.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. चंदानं मार्चातच गावाकडं फोन करून खुशखबर दिली होती. परवाच्या दिवशी सासू आली. ताराबाई, एकटी, वरोऱ्यावरून दोन गाड्या बदलून, उन्हात. पिशवीत हिरवं लुगडं अन् डब्यात मेथीचे लाडू. गेटवर वॉचमनले सांगे, सून दोन जिवाची आहे, भेटू दे.

आम्ही स्टँडजवळच्या झाडाखाली बसलो. मी म्हणली, माय, पोटात काही नाई. तिनं डबा मांडीवर धरला होता तो तसाच धरून ठेवला. मंग विचारलं, "मंग नवस कायचा होता?" तिथी मी अडकली. सरांले 'ते नाई सांगत' म्हणलं अन् चाललं. तिच्यासमोर ते तोंडातून निघन ना. मी सगळं सांगतलं. चट्टा, गोळ्या, तुहं घर, हात, मॅनेजरपासून लपवलं ते बी. तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, भर स्टँडवर. तिनं हात पाहाले मागतला नाई. मी बी पुढं केला नाई.

"देवानंदले माहीत होतं?"
"हो."
"अन् रुखमीले?"
"हो."

मंग तिनं लुगडं घडी होतं तसं पिशवीत ठेवलं. लाडूचा डबा माह्याकडं सरकवला. चंद्रपूरची गाडी किती वाजता आहे ते पानठेलेवाल्याले विचारून आली. मी पाण्याची बाटली दिली ते घेतली अन् पिली, हे मी तुले मुद्दाम लिहून राह्यली.

गाडी लागली तेव्हा दांडा धरून ते वळली. म्हणली, "बारा महिने गोळ्या खाल्ल्या अन् माह्याच घरात झोपत होती. मी काय तुही मॅनेजर होती वो?"

कंडक्टरनं बेल मारली अन् गाडी निघाली.

तुही
दिव्यानी